आठ उपग्रह आणि एक गाऱ्हाणं

मु. पो. पाली, जि. रत्नागिरी
फाल्गुन लागायला आठ दिवस

चि. वेदिका हिस,

बाबलकाकाचे पोटभर आशीर्वाद. गोदाकाकूचेही आहेत, पण ती रुसलेली असल्यामुळे तिने निम्मेच पाठवलेत. आम्ही खुशाल. माझा गुडघा पायरी चढताना बोलतो, उतरताना गप्प असतो. तुझी तब्येत कशी आहे? बंगळूरला सांबारात गूळ घालतात हे ऐकल्यापासून काकू तुझ्या नावाने देवापुढे रोज एक दिवा जास्त लावते.

यंदा शिमग्याला येता येणार नाही असं तू फोनवर सांगितलंस, तेव्हापासून या घरात कुणी धड जेवलेलं नाही. (मी जेवतो, पण चव लागत नाही.) तुझे आईबाप मुंबईला नोकरीत, त्यामुळे दहावीपर्यंत तू आमच्याच ओटीवर वाढलीस, आणि पालखी अंगणात आली की ओवाळायला तू नाहीस असं आजवर झालेलं नाही. अर्थात कारण तू नीट समजावलंस. तुमच्या कंपनीचे आठ उपग्रह पृथ्वीभोवती एकाच कक्षेत, आपसात सारखं अंतर ठेवून फिरतात. वर विरळ का होईना हवा असते, तिला घासून ते हळूहळू खाली घसरतात, मग त्यांना हलकासा धक्का देऊन जागेवर आणायचं, आणि इंधन तर मोजकंच. त्यात आता कुणाचा तरी जुना, मेलेला उपग्रह फुटला आणि त्याचे तुकडे तुमच्या वाटेत आले, म्हणून सगळ्यांच्या रजा बंद.

मी ठरवलं की हे काम आपण शिकायचं आणि तुझ्या साहेबांना कळवायचं, चार दिवस आमचा माणूस सांभाळील, पोरीला सोडा. म्हणून रविवारी देवळाभोवती प्रयोग केला. पालखीला खांदा देणारे आठ गडी घेतले, दोघांत बारा पावलांचं अंतर ठेवलं आणि प्रदक्षिणा सुरू केली. काकूला शिट्टी देऊन पायरीवर बसवलं (म्हणजे ती तुझ्या जागी). इंधन म्हणून माणशी दोन कप चहा ठरवला होता, तो गड्यांनी पहिल्याच फेरीत संपवला. दुसऱ्या फेरीला अजिंक्य तंबाखू मळायला थांबला आणि मागचा स्वरूप त्याच्या पाठीवर आदळला. पुढचे निघून गेले. मी ओरडणार होतो की पळ आणि गाठ, पण तूच सांगितलं होतंस ना, वर तसं चालत नाही, पुढच्याला गाठायचं तर आधी जरा खाली उतरायचं, खालची वाट आखूड आणि तिथे वेगही जास्त, मग परत वर यायचं. तेव्हा मी अजिंक्यला देवळाच्या दगडी कुंपणाच्या, गडग्याच्या, खालच्या अंगाने पाठवला. वेग वाढला हे खरं. वर मात्र तो आला नाही, कारण खाली गुरवांच्या शेणखताचा खड्डा आहे. उरलेले सातजण त्याला बघायला एकाच जागी गोळा झाले. काकू इतकी हसली की शिट्टी गिळता गिळता राहिली.

वेदिका, तुझं काम किती अवघड आहे ते त्या दिवशी कळलं. फार अभिमान वाटला गं, डोळ्यांत पाणी आलं. (थोडं शेणाच्या वासानेही आलं असेल.) तेव्हा आमची काळजी करू नकोस आणि काम टाकून मुळीच येऊ नकोस. काकू एकटी ओवाळेल, मी नारळ फोडेन, होईल तसं होईल.

तुझा
बाबलकाका

ता. क. एक सांगायचं राहिलं. ते तुकडे बहुधा माझ्यामुळे झालेत. महिन्यापूर्वी मी सर्वेश गुरवाकडून तुझ्या उपग्रहांसाठी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. तो म्हणाला, "बा देवा म्हाराजा, आमच्या पोरीचं आभाळात जे काय फिरतंय त्याची राखण कर, आणि एकाचे एकवीस कर!" आणि आम्ही सगळे नेहमीसारखे ओरडलो, "होय म्हाराजा!" (ते वाक्य त्याच्या तोंडात बसलेलंच आहे. आंब्याच्या कलमांना तेच, कोंबड्यांना तेच.) पुढे तुझा फोन आला, तेव्हा मी सहज विचारलं, तुकडे किती? तू म्हणालीस, मोठे असे एकवीस. माझ्या हातून फोन सुटला तो थेट पाण्याच्या हंड्यात. तो अजून बंद आहे, म्हणून हे पत्र.

ता. ता. क. गावकी बसली होती. गाऱ्हाणं मागे घ्यायचं ठरलं. पण रिवाज असा आहे की ज्याच्या नावाने घातलं त्याला स्वतः पालखीसमोर हातात नारळ धरून उभं राहावं लागतं. तुझ्या साहेबांना सांग, ही रजा नाही, कामच आहे. दोन दिवस पुरतील.

आणखी एक. काकूने पत्र वाचलं. ती म्हणते असला काही रिवाज नाही, नारळ घरातला कुणीही धरतो. बरोबर आहे, हा रिवाज मी परवाच काढलाय. पण गावकीत मांडला तेव्हा एकानेही हरकत घेतली नाही, आणि सगळ्यात आधी हात वर केला तो काकूने.