श्री घालून पुसायचं

बाबा, आज ऑफिसात मी एका नव्या मुलीला व्हीआय, म्हणजे कॉम्प्युटरवर लिहायचा जुना प्रोग्रॅम, शिकवत होते. काळा पडदा, माउस नाही, चित्रं नाहीत, नुसती अक्षरं लिहायची जागा. तिनं धडाधड टाइप केलं, तर मशीन टुक टुक वाजत राहिलं, अक्षर काही उमटेना. मी म्हटलं, "अगं, आधी आय दाब, मग लिही. तोवर इथलं प्रत्येक बटण म्हणजे हुकूम." म्हटलं खरं, पण माझीच कानशिलं तापली. मला हे कसं कळलं, ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

शहापूरच्या क्लासचा पहिला दिवस आठवतो. मुरबाडहून एसटी उशिरा आली, तोवर सरांचं ते आय-बिय सांगून झालेलं. मी सुरुवात केली ती तुमच्या सवयीनं. म्हसा गावच्या जत्रेतल्या दुकानांचे बोर्ड तुम्ही रंगवायचात, तेव्हा कोऱ्या पत्र्यावर आधी कोपऱ्यात खडूनं श्री घालायचात आणि बोर्ड झाला की फडक्यानं पुसून टाकायचात. गिऱ्हाइकाला पत्ताही नसे. मीही तसंच इंग्रजीत श्री टाइप केलं, देवाचं म्हणून पहिला एस मोठा. तो एस काही उमटला नाही, पुढची अक्षरं उमटली. वाटलं, बटण बिघडलं असेल. मग ती अक्षरं पुसली आणि मशीन मुकाट्यानं लिहायला लागलं! त्याच एसटीनं आलेल्या शेजारच्या मुली टुक टुक ऐकत बसल्या होत्या. घरी येऊन सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही धसईच्या बाजारात बोर्ड रंगवताना शिडीवरूनच ओरडून सगळ्यांना सांगत सुटलात, "आमच्या पोरीच्या मशिनला पन श्री लागतं रे! बाकीच्यांचं नुसतं वाजतं, चालत नाय!"

क्लासात फायली कोऱ्याच असत, म्हणून खपून गेलं. आसनगावजवळच्या कारखान्यात नोकरी लागली, मी अजून कायम व्हायची होते, आणि तिथली पहिली भरलेली फाइल माझ्यापुढे आली. मी आधी श्री घातलं. वरची ओळ गडप! पुसायचं तेवढं पुसलं आणि काम करून फाइल ठेवून दिली. त्या ओळीवरूनच ट्रकांचे गेटपास छापले जायचे. छपाई थांबली, गेटाशी ट्रक अडकले, ड्रायव्हर शिव्या घालायला लागले. साहेब आले. "काय दाबलंत?" मला ठाऊक होतं काय दाबलं ते. पण सगळ्यांसमोर श्री म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, "चुकून हात लागला." त्यांनी ओळ परत लिहिली आणि समजावलं, मोठा एस म्हणजे अख्खी ओळ खोडून नवी लिहायचा हुकूम. नोकरी वाचली. पण म्हणजे क्लासात मशीन चाललं ते त्या हुकमानं, आणि सगळं धसई त्यावर कौतुक करत बसलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी घरी पाऊल टाकते तोच तुम्ही विचारलंत, "श्री घातलंस ना गो आज?"

"पुरे झाली तुमची ती खुळं! मला लाज आणता चारचौघांत."

तुम्ही ब्रश धूत होतात. म्हणालात, "बरं. नको घालू. पन जेवून घे पयली."

पुढच्या जत्रेच्या वेळी मी ओसरीवर बसले होते. तुम्ही नवा पत्रा भिंतीला टेकवलात आणि माझ्याकडे पाठ करून, पत्र्याला अगदी चिकटून उभे राहिलात. कोपर जरासं हललं. मग लगेच फडकं फिरलं. बोर्ड व्हायची वाटही पाहिली नाहीत. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोरीपासून श्री लपवत होतात तुम्ही. मी ते पाहिलं आणि आत जाऊन भांडी घासत बसले. तेव्हा एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? त्यानंतर तुम्ही देवाघरी जाईपर्यंत तो विषय घरात निघालाच नाही.

हे सगळं त्याच काळ्या पडद्यावर लिहिते आहे, कुठे पाठवायचं तर नाहीच. आणि बाबा, हेही मी श्री न घालताच सुरू केलं. ती नवी मुलगी शेजारी बसली होती, म्हणून. आता ती जेवायला गेली आहे. मी वर पहिल्या ओळीवर जाते, आधी आय दाबते. आज पुसणार नाही.