शकुंतलाबाईने भरलेले ठिपके

मी, घनश्याम सुखराम टेंभुर्णे, वय एकाहत्तर, धंदा फोटोग्राफी, राहणार आमगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. बीपीची गोळी सोडली तर कशाच्याही अमलाखाली नाही. कोणी हात धरून लिहवून घेत नाही. उलट घरची माणसे ‘आत्ताच कायले?’ म्हणून मागे लागली आहेत. मरायची मलाही घाई नाही. पण एक गोष्ट तोंडी सांगून माझी बायको ऐकत नाही, म्हणून साक्षीदारांसमोर कागदावर मांडतो.

याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी निराशेत लिहिले होते, आणि त्यात ‘माझी दुर्बीण भंगारवाल्यास द्यावी’ असे कलम होते. ते कलम तर सगळ्यात आधी रद्द.

१. राहते घर माझी पत्नी शकुंतलाबाई हिचे, ती हयात असेपर्यंत. तिच्यानंतर मुलगा कुशल आणि मुलगी रचना यांचे सारखे. पोस्टातली ठेवही तशीच. स्टुडिओ कुशलने चालवावा. तिथे मोबाईलचे रिचार्ज विकायचे तर खुशाल विकावे, पण पाटीवरचे माझे नाव काढू नये.

२. दुर्बीण. हे कलम लांबणार आहे, साक्षीदारांनी चहा घ्यावा.

१९९९ साली एका लग्नाहून परतताना आम्ही दोघे दरेकशाच्या फलाटावर पॅसेंजरची वाट पाहत होतो. दिवेलागणीची वेळ. एक तारा डोंगरामागून निघाला आणि सरळ चालत गेला. शकुंतला म्हणाली, “विमान होय जी.” पण आवाज नव्हता, लाल दिवा नव्हता. रचना तेव्हा नागपूरला कॉलेजात होती. तिने फोनवर सांगितले, बाबा, तो उपग्रह. झाले, मला वेड लागले. नागपूरच्या हौशी आकाशनिरीक्षक मंडळींत बसून मी दुर्बिणीचा आरसा घासला, बोअरच्या पाइपात बसवला, मागे लग्नाचा कॅमेरा जोडला. रचना सायबर कॅफेतून वेळा कळवायची आणि मी संध्याकाळी गच्चीवर ती नळी उपग्रहामागे फिरवत खटाखट बटण दाबायचो.

आमच्या धंद्याची वाटणी ठरलेली होती. फोटो काढणे माझे, अंधाऱ्या खोलीतले सारे तिचे. रंगीत रोल गोंदियाला जायचे, काळे-पांढरे घरीच धुवायचे. निगेटिव्हवर धूळ बसली की फोटोत पांढरा ठिपका येतो. तो बारीक ब्रशने, काळ्या शाईने भरायचा असतो. हे तिला मीच शिकवले, आणि ती गुरूच्या वरताण निघाली.

माझ्या आभाळाच्या फोटोंत मात्र नुसते आभाळच यायचे. काळेभोर, स्वच्छ. माझा हात चळतो, नेम चुकतो, असे मानून मी शेवटी दुर्बीण गोणपाटात बांधली. माझा साळा केवळराम भर मांडवात म्हणाला, “काऊन जवाई, आभाळाचे पासपोर्ट फोटो काढून राहिले काय?” सारा मांडव हसला. ते मला वर्षानुवर्षे डाचत राहिले.

गेल्या उन्हाळ्यात रचना जुने निगेटिव्ह कॉम्प्युटरवर घ्यायला बसली. काळ्या आभाळात एक पांढरा कण दिसला. तिने मोठा केला. “बाबा, हा कचरा नाही जी. याले पंख आहेत!” मधे दांडा, दोन्हीकडे पंख. अंतराळ स्थानक. पुढचा निगेटिव्ह पाहिला, त्यातही कण. मी धावत जाऊन जुने फोटो काढले आणि दिव्याखाली तिरपे धरले. चकचकीत कागदावर शाईचा एकेक बिनचकाकीचा ठिपका, बरोबर त्याच जागी.

शकुंतलेचा चेहराच उतरला. “मी तं धूळ समजून भरून राहिली होती. तुमचं सारं मीच पुसलं जी.” त्या दिवसापासून तिने ब्रश हातात धरला नाही. लोक जुने फोटो दुरुस्तीला आणतात, ती परत पाठवते. मी रागावलो नाही म्हटले तर म्हणते, “मनात ठेवलं असन.”

म्हणून लिहून देतो. मनात काही ठेवलेले नाही. मी सुटलो. इतकी वर्षे वाटत होते की माझा नेम चुकतो. तो चुकत नव्हता! छातीवरचा धोंडा उतरला आणि मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. शिवाय असे पाहा, मला फोटोत एकही उपग्रह दिसला नाही, आणि तिने एकूण एक शोधून काढला. टाचणीच्या टोकाएवढे ते, पण एकही तिच्या नजरेतून निसटला नाही. आमगावात उपग्रह कोणी पाहिले असतील तर तिने.

सबब दुर्बीण, आरसा आणि सर्व निगेटिव्ह शकुंतलाबाईचे. रचनाने हट्ट करू नये. बघायचे असेल तर आईला विचारून बघावे.

३. केवळराम यास तो पंखवाला फोटो मोठा करून, फ्रेमीत घालून द्यावा. त्याने तो आपल्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यामागे लावावा, आणि गिऱ्हाइकाने विचारल्यास काढणाऱ्याचे नाव न हसता सांगावे. लावला तर माझी सायकल त्याची. नाही तर कुशलची.

४. मी गेल्यावर त्रिशरण-पंचशील म्हणावे आणि आटोपते घ्यावे. भिंतीवरच्या फोटोत माझ्या नाकावरचा चामखीळ राहू द्यावा. आजवरच्या प्रत्येक फोटोतून तो शकुंतलेने काढला आहे.

वरील मजकूर मी मोठ्याने वाचला, साक्षीदारांनी ऐकला, शकुंतलाबाईनेही दाराआडून ऐकला. मग सही केली.

घनश्याम सुखराम टेंभुर्णे

साक्षीदार:
लोकेश बिसेन, शेजारी, आमगाव
सुलोचनाबाई कटरे, निवृत्त शिक्षिका, आमगाव

ठिकाण: आमगाव
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१२

सह्यांनंतरची टीप: माझ्या सहीवर पेनातून शाईचा ठिपका पडला आहे. तो पाहताच शकुंतलाबाई आत गेली आणि ब्रश, पांढरा रंग घेऊन आली. त्या दिवसानंतर ब्रश आज पहिल्यांदा तिच्या हातात दिसला. मी म्हटले, राहू दे. ती म्हणाली, “काऊन, हाबी उपग्रह होय काय?” आणि हसली. ठिपका तसाच ठेवला आहे. दोन्ही साक्षीदारांनी तो पाहिला आहे.