उष्टा धोटा

६ फेब्रु. ९६, डिंडोली
धनराज आज पुन्हा चालू माग सोडून खोकत बसला. महिना होत आला. टेबलावरून उठून विचारले, तर म्हणे, "मास्तर, धूळ शे, दुसरं काय." रुमालावर लाल ठिपका होता तो मुठीत दाबला. दुपारी धरूनच सरकारी दवाखान्यात नेला. थुंकी दिली. दीड वर्षापूर्वीच्या प्लेगपासून या शहरात कुणी खोकला की शेजारचा उठून जातो, त्यामुळे बाकावर ऐसपैस जागा मिळाली.

९ फेब्रु.
क्षयच. सहा महिने गोळ्या, पहिले दोन महिने काम बंद. डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या, धनराजने एकच विचारले, "मना माग कोन लई?" आठ माग. शिंदखेड्याहून आला तेव्हा हाती दोन दिले होते. आठ व्हायला अकरा वर्षे लागली. शेठला सांगितले. ते म्हणाले, "माणस सारो छे, मास्तर, पण मशीन खाली ना रहे." म्हणजे महिनाअखेर दुसरा माणूस कायम. धुळ्याला संस्कृत शिकवणे संपले तेव्हापासून मी शेठची पत्रे लिहितो आणि कामगारांचे अर्ज. आज दोन्ही लेखण्या कोरड्या.

१३ फेब्रु.
शेडमध्ये कुणीतरी धनराजचा पाण्याचा पेला वेगळ्या खिळ्याला टांगलाय. कुणीतरी म्हणजे बारकू, त्याचा रातपाळीचा जोडीदार. तेच आठ माग संध्याकाळी सातला बारकू हातात घेतो. इथे सगळेच वरून पाणी पितात, पेल्याला ओठ लावत नाहीत. तरी पेला वेगळा.
पाळी बदलताना उभा राहिलो. बारकूने मागातून आडवे सूत नेणारा लाकडी धोटा काढला, त्यात सुताची नवी कांडी बसवली, धोट्याच्या डोळ्याला, म्हणजे सुताच्या भोकाला, तोंड लावून सूत सुर्रकन ओढून घेतले आणि धोटा मागात. दर थोड्या वेळाने असेच. सगळेच करतात. त्याच धोट्यांना परवापरवापर्यंत दिवसभर धनराजचे तोंड. सहा वर्षे इथे आहे, रोज बघतो. दिसले आज.
"बारकू, पेला वेगळा केलास, बरं केलंस. धोटा?"
"धोटा त लाकूड शे, मास्तर."
"आणि पेला काय तुळशीचा?"
उच्छिष्ट या विषयावर मी वर्गात तास तास घेत असे. आज एवढ्यात आटोपले. बारकू नळावर गेला आणि बराच वेळ चुळा भरत राहिला.

१५ फेब्रु.
बारकूलाही तपासायला नेले. निकाल यायचा. वाटेत दिसेल त्या नळावर तो चुळा भरत होता.
संध्या. सौ. ओट्यावर क्रोशाचे तोरण विणत होती. सुई जाळीत जाते, दोरा घेऊन परत येते. मी बघतच राहिलो. ती म्हणाली, "बावीस वर्षांनी आज एकदम काय हे?" खुलासा केला नाही. तिची सर्वांत बारीक सुई खिशात.

१६ फेब्रु.
सुई धोट्याच्या डोळ्यातून जाते, सूत घेऊन येते. पण वाकते. भेस्तानच्या सायकलवाल्याकडून जुन्या चाकाच्या तारा आणल्या, टोक ठोकून आकडा, मुठीला चिंधी. शेडमध्ये हशा. "मास्तर, आता शेठसाठी स्वेटर विणायचं का?" तोंडाने पटकन होते, हे सगळ्यांचे म्हणणे, आणि खरे आहे.
शेठपुढे आकडे आणि धनराजची जागा, दोन्ही मागण्या एकदम ठेवल्या. शेठ: "पंदर दिवस. एक मीटर पण ओछुं ना थवुं जोईए." म्हणजे कापड मीटरभरही कमी नको. जमले तर सगळ्या शेडला आकडे आणि धनराजच्या मागांवर फक्त तात्पुरता बदली माणूस. नाही जमले तर माग गेले.
पण करणार कोण? कुणी पुढे येईना. मग बारकू: "आणा इकडे."

२१ फेब्रु.
बारकूचा निकाल स्वच्छ. ऐकताच चहा मागितला. आकडा मात्र अजून जमत नाही. सूत निसटते, माग उभा. आकड्याला त्याने दिलेली विशेषणे कोणत्याही कोशात नाहीत. काही लिहून ठेवण्याजोगी होती, पण ही वही सौ. वाचते. पाच दिवसांचे कापड कमी भरले.

२५ फेब्रु.
कमी नाही. बरोबर तेवढेच. बारकू म्हणतो, "डोळा बघू नका, बोटाले कळस." आणि आकडा डाव्या हाताने. उजव्याने कांडी. हे मला सुचणे शक्यच नव्हते.

१ मार्च
शेडमधल्या सर्वांत चपळ कारागिराने आव्हान दिले: दहा धोटे, तो तोंडाने, बारकू आकड्याने. दोन्ही पाळ्या जमल्या. शेठही. सहाव्याला बरोबरी, आठव्याला बारकूची सरशी, दहावा धोटा त्याने टेबलावर आपटला तेव्हा समोरचा अजून गाल आत ओढून होता. कापडाचे मापही पुरे. शेठने एक धोटा उचलून डोळ्यात आकडा घालून पाहिला. मग, "बधाने आपो." सगळ्यांना द्या! धनराजचे माग धनराजचेच, तो येईपर्यंत बदली.
संध्याकाळी त्याच्या खोलीवर जाऊन सांगितले. तो बायकोकडे बघून म्हणाला, "आयकं का?"
आकडा आपणच शोधला असे बारकू सर्वांना सांगतोय. सांगू दे. सौ.ने सुईचा तपास लावला आहे. क्षमायाचना चालू.

१५ एप्रिल
धनराज कामावर. थुंकी साफ, डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, गोळ्या चालूच. पहिल्याच धोट्याला आकडा अडकला. बारकू मुद्दाम थांबला होता: "अकरा वरीस कारागीर, आनि डोळा सापडस नही तुले?" धनराज इतका हसला की मी दचकलो. खोकला आला नाही. हसणेच होते.

१२ ऑगस्ट
कडोदऱ्याच्या एका शेडवाल्याने आकडे मागितले. बारकू रविवारी शिकवायला जाणार, नवा शर्ट शिवलाय. मी सोबत, लेखनिक म्हणून.
धनराजच्या गोळ्या संपल्या. शेवटच्या तपासणीचे बंद पाकीट दुपारी मीच आणले. मागांच्या आवाजात त्याच्या कानाशी ओरडलो. त्याने पाकिटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि हाताने 'थांबा' केले. पाचव्या मागाची कांडी संपत आली होती. ती बदलली. मग सहाव्याची. मग पुन्हा पहिल्याकडे गेला, मी तिथे उभा आहे हे विसरून.
परत टेबलावर आलो. पाकीट समोर. पंख्याने उडू नये म्हणून वर पत्रांची फाईल ठेवली आहे. पाळी सातला सुटते, तेव्हा तोच उघडेल.