मागच्या ओळीतल्या चौघी आणि माझी इतर मिळकत

लिहून ठेवणार मी: चष्म्यांच्या दुकानाची मालकीण, वय पासष्ट, लग्न न केलेली, राहणार दुकानावरच्या दोन खोल्यांत. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. जीव ठिकाणावर नाही, पण त्याचा दाखला कोणी मागत नाही.

उद्या सकाळी माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत. आवाजाची नस गाठीला चिकटली आहे, वाचवायचा प्रयत्न करू, असे सर्जन म्हणाले. मी विचारले, "नस की मला?" ते हसले. "दोन्ही." मला हसू आले नाही. तेव्हापासून हातपाय गार आहेत. म्हणून कोणाच्याही दबावाशिवाय, निव्वळ भीतीपोटी, ही व्यवस्था करते.

कलम १. दुकान व वरच्या खोल्या धाकट्या बहिणीच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्याव्यात. जिन्याचा कठडा हलतो. तो आधी दुरुस्त करावा, मग मालकी मिरवावी.

कलम २. काच घासायचे यंत्र व सगळी हत्यारे माझ्याबरोबर दुकान चालवणाऱ्या बाईंना द्यावीत. त्यांना त्यांच्या जागेवरून कोणी हलवू नये.

कलम ३. थोरल्या भावाला काहीही देऊ नये. मी कॉलेजात वृंदगानाला जायचे तेव्हा तो म्हणाला होता, "चार दिवसांच्या मैत्रिणी, बारा वाटांनी जातील." ते खरे ठरले, म्हणून राग जास्त आहे. मात्र तो दारात आला तर आत घ्यावे व उंच खुर्ची द्यावी. त्याचे गुडघे गेले आहेत.

कलम ४. त्या मैत्रिणींबाबत. खालच्या पट्टीत गाणाऱ्या आम्ही चौघी मागच्या ओळीत उभ्या असायचो. शेवटच्या वर्षीच्या कार्यक्रमात, गाणे ऐन रंगात असताना सभागृहातले दिवे गेले. डोळ्यांत बोट घातले तरी दिसेना. माझी तर वाचाच बसली. शेजारी चौघींतली ढब्बू होती; ती ढब्बू आणि मी काडी, अशी आमची तिथली नावे. ती कानाशी म्हणाली, "काडे, मी गातेय. तू नुसती माझ्या मागून ये." मी गेले. गाणे अंधारातच पुरे झाले आणि मग जी शांतता पसरली, ती टाळ्यांहून मोठी होती. नंतर मागच्या पायऱ्यांवर बसून आम्ही रडलो, हसलो, एकमेकींच्या गळ्याची शपथ घेतली की काही झाले तरी दर वर्षी भेटायचे.

एकदाही भेटलो नाही. भांडण झाले नाही, कोणी वाईट वागले नाही. एकीचे लग्न, एकीची नोकरी, एकीचा पत्ता बदलला, आणि मी इथेच राहिले.

मध्यंतरी ढब्बू दुकानात आली. नजर तपासताना तक्त्यावरची अक्षरे वाचता वाचता अडली की गुणगुणत होती, त्यावरून ओळखले. गळ्यात पडलो, चहा झाला. "रविवारी येतेच," म्हणाली. चष्मा न्यायला तिचा जावई आला.

या तिघींना काही देऊ नये व माझ्याबद्दल कळवूही नये, असे मी आज सकाळी इथे लिहिले होते. भाचीने वाचले.

"मावशी, तू त्या ढब्बूला फोन का करत नाहीस?"

"काय सांगू? घाबरलेय म्हणून?"

"हो. तेच सांग."

केला. ढब्बूने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "उद्या येईन असा शब्द देत नाही, काडे. दिलेले कुठे पाळले? पण आत्ता फोन ठेवू नकोस." आणि तिने आमची खालची पट्टी धरली. आवाज पार फाटलेला. माझाही गाठीमुळे घोगरा. दोघींना मिळून जेमतेम एक कडवे आठवले. तेवढे गायलो.

म्हणून सकाळचे वाक्य रद्द. माझे बरेवाईट झाल्यास ढब्बूला कळवावे. ती उद्या आली नाही तर तिला कोणी बोल लावू नये. तिला देण्यासारखा माझा आवाज होता. तो अजून होता तेव्हाच दिला. त्याने भीती गेली नाही.

कलम ५. माझे डोळे दान करावेत. उरलेल्या देहाचा बडेजाव नको.

सहीबाबत खुलासा: खालची सही बँकेतल्या सहीशी जुळणार नाही. हात कापत होता. साक्षीला आलेले शेजारचे शिंपीकाका म्हणाले, "पाणी प्या, मग करा." पाणी पिऊन केली, तरी तशीच आली. ती माझीच आहे.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी
सही: (वाकडी)

साक्षीदार १: शेजारचे शिंपी. सही समोर झाली.

साक्षीदार २: समोरच्या औषधांच्या दुकानातल्या बाई. सही समोर झाली. सही करताना यांचा दुसरा हात मी धरला होता, हे लिहून ठेवा असे त्यांनी सांगितले, म्हणून लिहिले. अजून सोडलेला नाही.