चाळणीतून पप्पा

पिंप्राळा, जळगाव
१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

चि. सूनबाई प्रज्ञा हिस,
द्रौपदाबाईचा जय भीम.

इकडे सगळे बरे आहेत. तुझी तब्येत बरी असेल. असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. बरं कोणीच नाही. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून चौथीपर्यंतची शाळा कामाला लावली. दुसऱ्याकडून लिहून घ्यावं असं हे नाही. तोतारामभाऊ उद्या धुळ्याला येताहेत, त्यांच्या हाती पाकीट देते.

अपील फेटाळलं हे तुला वकिलानं कळवलंच आहे. प्रशीलला येत्या सोमवारी हजर व्हायचंय. दीड वर्ष. परवा त्यानं मितूला शाळेचे बूट आणले, दोन नंबर मोठे. मी ओरडले, पायातून निघून पडतील. तर म्हणाला, आई, मी येईन तेव्हा बरोबर होतील. मी भाकरी थापायला उठले.

आता तुझ्यावरचा राग. मागच्या महिन्यात तू आलीस अन् पोरीला सांगून गेलीस, पप्पा सुरतला कंपनीत जाणार. शिकलेली नर्स तू, अन् हे काय सांगितलंस? पोरीनं वर्गात एकूणएक बठ्ठ्या पोरांना सांगितलं, सुरतहून टिकल्यांचा फ्रॉक येणार म्हणून. परवा सोमवारी सुंदरबाईच्या नातीनं तोंडावर फेकलं, तुझा बाप जेलात चाललाय, माणूस मारला त्यानं. मितू घरी आली ती दप्तर पाठीवर ठेवूनच कोपऱ्यात बसली. मला विचारते, सुरतेतपण जेल असते का?

मला घोळ घालत बसता येत नाही. समोर बसवून सांगितलं. पप्पाच्या गाडीचा धक्का एका माणसाला लागला, गिरधर त्याचं नाव, केळीच्या बागेतून सायकलवर घरी चालला होता. धक्का चुकून लागला, पण पप्पा थांबले नाहीत, म्हणून शिक्षा. भेटायला जाऊ तेव्हा मधे जाळी असेल. रडायचं नाही, शाळेतलं काय ते सांगायचं.

जाळीतून माणूस कसा दिसतो, म्हणाली. मी गव्हाची चाळणी काढून तोंडासमोर धरली. हे बघ, असे दिसतील पप्पा. ती हसली. मग तिनं विचारलं, पप्पा, जेवले का? मी आवाज जाड करून म्हटलं, जेवलो. दोनतीनदा असं घोकून घेतलं. चांगलं जमत होतं तिला. मग जाळीला बोट लावून म्हणाली,

"आजी, तुझी जाळी कुठं असेल?"

मी म्हटलं, माझी कशाला?

"थांबू नको तर तू म्हणाली होतीस."

प्रज्ञा, त्या दिवशी तुझी ड्यूटी होती. आम्ही रावेरचं नामकरण आटपून निघालो. चार वर्षांची मितू माझ्या मांडीवर, जागी. संध्याकाळी नळाला पाणी येणार होतं, तिसऱ्या दिवसाचं, अन् मी शेजारच्या बेबाबाईकडे चावी ठेवायला विसरले होते. वाटभर प्रशीलच्या मागे लागले, हाण गाडी. सावद्याच्या पुढे दिवेलागणीला धक्का बसला. त्यानं ब्रेक मारला होता. गाडी थांबली होती. दार उघडून एक पाय खालीपण टाकला होता त्यानं. मी शर्ट धरून आत ओढला. म्हटलं, थांबू नको, लोक जीव घेतील, अन् पाणीपण जाईल.

हो, पाणी म्हणाले मी.

घरी येऊन दोन ड्रम भरले.

नंतर तू कोर्टाचे कागद वाचलेस अन् नवऱ्याला विचारलंस, दीड तास जिवंत होता तो माणूस, दवाखान्यात नेला असता तर वाचला असता, तू का थांबला नाहीस? त्यानं माझं नाव काढलं नाही. मी तिथंच लसूण सोलत होते. तू बॅग भरलीस तेव्हाही सोलतच होते. वर गल्लीत सांगत फिरले, सुनेला सासर जड झालं.

काल वकिलाकडे हे सांगायला गेले. तो म्हणाला, आता काय उपयोग बाई, तीन वर्षं कुठं होत्या? प्रशीलला कळलं तर तो माझ्यावरच चिडला. म्हणाला, तू गप्प बस, मितूला कोण बघेल.

पण खरं लिहायचं ते हे नाही. मी मितूला विचारलं, एवढे दिवस मम्मीला का नाही सांगितलं? तर म्हणाली, "तूच म्हणाली होतीस, सांगितलं तर मम्मी घर सोडून जाईल. मी नाही सांगितलं. तरी गेली."

मी असं म्हणाले होते. त्याच रात्री, ड्रम भरता भरता, बोट रोखून. मी विसरलेपण होते.

मग चाळणी बाजूला करून विचारते, आता सांगू का मम्मीला? मी म्हटलं, तू नको. मी सांगते.

रविवारी ये. माझ्याशी बोलू नको, मी बेबाबाईकडे जाऊन बसेन. त्याच्याशी बोल. तो जेलात जाईल तेव्हा तुझी शिव्याशापाची नजर तरी घेऊन जायला नको. मितूला तुझ्याकडे घेऊन जा. तिचे कपडे भरून ठेवलेत, मोठे बूटपण. चाळणी पाहिजे म्हणते, तीही पिशवीत टाकली आहे.

पाकीट मिळालं की आधी तिला फोन कर, प्रशीलच्या फोनवर. बाकी काही नको. एवढंच सांग, आजीनं सांगितलं. म्हणजे पोरगी मोकळी होईल.

आशीर्वाद लिहीत नाही.

द्रौपदाबाई