केळीचा चीक आणि न दिसणारे बुडबुडे

तीर्थरूप हिलाल नाना यांना भडगावहून प्रेमराजचा वाकून नमस्कार. आपले गुडघे, वहिनींचं बीपी आणि धुळ्यातलं ऊन, तिन्ही आटोक्यात असावीत. दिपमाला सुखरूप पोहोचल्याचं तुमच्या भूषणने कळवलं. (माझा फोन ती उचलत नाही, आणि उचलला तर कापते. पत्र कापता येत नाही, म्हणून हा खटाटोप.) ती माहेरी का आली, हे तिने सांगितलंच असेल. बहिणीची बाजू ऐकलीत, आता या पाहुण्याचीही ऐका.

नाना, मी आणलेलं यंत्र अस्सल आहे. ते पाण्यात इतके बारीक बुडबुडे सोडतं की डोळ्यांना दिसतच नाहीत. ठिबकच्या नळ्यांतलं शेवाळ त्याने निघालं, केळीच्या रोपांची मुळं पांढरीशुभ्र झाली, म्हशीचं टाकं आठ दिवस हिरवं पडलं नाही. पण गावाला काय पाहिजे? बुडबुडे! उखर्डूआबा टाक्यात डोकं घालून म्हणाले, ‘बुडबुडा कोठे शेतस?’ आणि यंत्र बघायला जमलेली तीस माणसं खो खो हसली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, थांबा, केळीचा चीक लागलेलं कापड या पाण्यात नुसतं बुचकळून स्वच्छ करून दाखवतो. जुना सदरा काढला, तर आबा म्हणे हा नको, नवं कापड आण. दोरीवर तुम्ही भाऊबीजेला दिलेली मोरपंखी साडी होती. (दिपमालाला विचारायला हवं होतं. पण तीस माणसं बघत असताना बायकोला विचारायला कोण जातं?)

पुढचं शांतपणे वाचा. पदराला चीक चोळला, पाण्यात बुचकळला, वर काढला, डागाचं नाव नाही! टाळ्या पडल्या. बेबाबाईने तर यंत्राची किंमत विचारली. मग कोणी घरीच जाईना, सगळे चहा घेत बसले. मला वाटलं, मान देतायत. अहो, केळीत जन्म गेला माझा! चीक आधी पाण्यासारखा दिसतो आणि वाळला की काळा पडतो, हे शेंबडं पोरही जाणतं. सगळ्यांना आठवत होतं, मी सोडून. दुसरा कप होईपर्यंत पदरावर कोळशाने रेघोट्या ओढल्यासारखं झालं. दिपमाला एवढंच म्हणाली, ‘मन्हा भाऊनी साडी व्हती ती,’ आणि दुपारच्या एसटीने निघाली.

तरी माझं मत कायम आहे. पाण्यात खोट नाही, त्या दिवशी ऊन जरा जास्त होतं.

आपला,
प्रेमराज

ता. क. तशीच साडी कुठल्या दुकानात मिळेल, ते कळवा.

ता. क. २. उन्हाचं वाक्य तिला वाचून दाखवू नका. बाकीचं मोठ्याने वाचा.

ता. क. ३. चूक माझीच, नाना. गावासमोर तोंडघशी पडलो त्याचं काही नाही, तिला विचारलं नाही याची लाज वाटते. तिच्याशिवाय घरात करमत नाही. रविवारी पहिल्या गाडीने येतो. दार तिलाच उघडू द्या. तिने तोंडावर लावलं तरी तुम्ही मध्ये पडू नका, मी ओट्यावर बसून राहीन.