उस्मानपुऱ्याचा माणूस

मस्कत, मंगळवार

आदरणीय बाबा, सप्रेम जय भीम.

परतीचं विमान पुन्हा रद्द झालं, पण काळजी करू नका. व्हिसा वाढवायला लागणारं दूतावासाचं पत्र काल मिळालं.

आत जाण्याआधी दूतावासाच्या फाटकाबाहेर एकजण भेटला. "ताई, मी बी उस्मानपुऱ्याचाच. पासपोर्ट द्या, तासाभरात काम करून आणतो," म्हणाला. लई गोड बोलत होता, म्हणूनच शंका आली. मी पासपोर्ट पर्समधून काढलाच नाही, सरळ रांगेत उभी राहिले.

निघताना तो मागून ओरडला, "मोतीरामभाऊंना जय भीम सांगा!" बाबा, तुमचं नाव मी त्याला सांगितलंच नव्हतं. तुम्ही कुणाजवळ माझा विषय काढला होता का?

आईचा गुडघा कसा आहे?

तो तुमच्या ओळखीचा निघाला, तर मी माफी मागीन. नसेल, तर माझ्या नावानं कुणीही आलं तरी दार उघडू नका.

तुमची,
योगिनी